आता एवढंच राहिलंय

या गाडीत ऑइल घालायचं असेल तर आधी तिची मागची नंबरप्लेट उघडावी लागते. प्लेट बिजागरीवर खाली झुकते आणि आतला कप्पा दिसतो. तिथे ऑइल ओतायची नळी, पातळी बघायची पट्टी आणि कुलंटची बाटली असते. पेट्रोलपंपावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेवढ्यात शंका उमटते, कारण भर दिवसा नंबरप्लेटशी खेळणारा इसम सहसा ऑइल घालत नसतो. मालक खुलासा करायला आतुरच असतो. तो सुरू झाला की पंधरा मिनिटांनी शेजाऱ्याला वाटू लागतं, पोलिसांनाच फोन केला असता तर लवकर सुटलो असतो.

गाडीचं पूर्ण नाव फोक्सवॅगन व्हॅनागन सिंक्रो वेस्टफालिया. एवढं नाव एका दमात घेता आलं की माणूस अर्धा मालक झाला असं समजतात. उरलेला अर्धा बँक करते. फोक्सवॅगनच्या बसची ही तिसरी पिढी १९७९ साली आली आणि अमेरिकेत व्हॅनागन म्हणून विकली गेली. चारही चाकांना जोर देणारी सिंक्रो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निघाली आणि १९९२ मध्ये थांबली. जगभरात मिळून सुमारे पंचेचाळीस हजार सिंक्रो तयार झाल्या. त्यांतल्या मोजक्या अमेरिकेत उतरल्या आणि त्यांतल्याही काहींमध्येच ओटा, बेसिन आणि झोपायची सोय होती. आज कॅलिफोर्नियापासून व्हर्मांटपर्यंत जी माणसं घरासमोर पाठीवर झोपून छातीवर गंज पाडून घेताना दिसतात, ती या मोजक्यांपैकी एकीच्या खाली असतात.

तिची जडणघडण तीन गावांत झाली. सांगाडा हॅनोव्हरचा. फोर-व्हील ड्राइव्ह ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातली, श्टायर-डाइमलर-पुख या कंपनीची; मर्सिडीजची प्रसिद्ध जी-वॅगन बांधणारे ते हेच लोक. आणि आतला संसार जर्मनीतल्या वीडेनब्रुकच्या वेस्टफालियाचा. या कारखान्याची सुरुवात १८४४ सालच्या एका लोहारकामाच्या दुकानातून झाली, पुढे तिथे घोडागाड्या बनू लागल्या आणि १९५१च्या सुमारास जर्मनीत राहणाऱ्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यासाठी त्यांनी पहिल्यांदा फोक्सवॅगनच्या बसमध्ये बिऱ्हाड बसवलं.

ग्राझच्या मंडळींनी चिखल, वाळू, बर्फ डोळ्यांपुढे ठेवून काम केलं. त्याआधी सत्तरच्या दशकात फोक्सवॅगनचे गुस्ताफ मायर स्वतः बनवलेली, चारही चाकांना जोर देणारी बस घेऊन सहारात फिरून आले होते, तेव्हा गाडी वाळवंटातून जाते हे सिद्धच होतं. वीडेनब्रुकच्या मंडळींनी डोळ्यांपुढे ठेवलं एक नीटनेटकं जर्मन कुटुंब, जे जेवणानंतर भांडी लगेच विसळून ठेवतं. या दोन गटांची एकमेकांशी कधी भेट झाली असावी, असं फ्रीजकडे बघून वाटत नाही.

हा फ्रीज गॅसवर, गाडीच्या बॅटरीवर आणि घरच्या विजेवर, असा तिन्हीवर चालतो. आत कॉम्प्रेसर नाही. अमोनिया तापवायचा, त्याची वाफ करायची, ती पुन्हा थंड होऊन खाली उतरू द्यायची, एवढ्या भांडवलावर तो दूध गार ठेवतो. हलणारा एकही भाग नसलेला फ्रीज काढण्याच्या नादी आइन्स्टाइनसुद्धा लागला होता. लिओ झिलार्डबरोबर त्याने १९३० साली अमेरिकेत पेटंट घेतलं. अडचण एवढीच, की अमोनिया आपल्याच वजनाने खाली उतरायचा असल्यामुळे फ्रीज सपाटीवर असावा लागतो. म्हणजे गाडी उभा खडकाळ चढ चढून, कुणी न पोचलेल्या जागी पोचते आणि मग मालक तासभर सपाट जागा शोधत हिंडतो. सापडली नाही तर चाकाखाली दगड लावतो आणि ओट्यावर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी कुठल्या बाजूला कललंय ते बघतो. त्यानंतर पेटवण्याचा विधी. फ्रीजच्या दर्शनी भागावर एक छोटा हातपंप आहे. त्याने आतल्या कोंडलेल्या चुलीत हवा मारायची, बटण दाबून धरायचं, ठिणगी पाडायची, काचेच्या इवल्या खिडकीत डोळा लावून ज्योत दिसते का बघायचं, आणि नाही दिसली की पुन्हा हवा मारायची. समुद्रसपाटीपासून जितकं उंच जावं तितकी ही ज्योत जास्त भाव खाते. कोलोरॅडोतल्या मालकांचे उजवे दंड डाव्यापेक्षा भरलेले का असतात, याचं दुसरं स्पष्टीकरण नाही.

तर मुद्दा घरी दुरुस्ती करण्याचा. गाडी विकत घेताना प्रत्येक जण तीनच कामांचं बोलतो. गंज काढायचा, गळती थांबवायची, फ्रीज बदलायचा. बायकोला दाखवलेल्या कागदावरही ही तीनच कामं असतात. पुढे जे घडतं त्यात कुठेही चैन नाही, हौस नाही, वेडेपणा तर नाहीच. प्रत्येक पायरीला कारण असतं आणि ते कारण आदल्या पायरीने दिलेलं असतं. म्हणून या माणसाशी वाद घालून जिंकता येत नाही. त्याची बाजू नेहमी बरोबर असते.

गंजाचं घ्या. या बसच्या पत्र्यांच्या जोडांमध्ये भरलेला मसाला वयोमानाने कडक होतो, तडकतो आणि भेगेत पाणी शिरतं. बाहेरून दिसते ती रंगाखालची एक बारीक तपकिरी रेघ. जाहिरातीत तिचा उल्लेख ‘किरकोळ’ असा असतो. मालक रविवारी सकाळी ग्राइंडर घेऊन त्या किरकोळाला भिडतो आणि दुपारच्या चहापर्यंत पत्र्याला हात जाईल एवढं भोक पडलेलं असतं. खिडकीचं रबर काढावं तर रबराखालीही तेच. रबर निघालंच आहे तर काच काढू, काच निघालीच आहे तर आतलं कपाट काढू, आणि कपाट निघाल्यावर कळतं की कपाटामागचा पत्रा बघायची इच्छा आपल्याला कधीच नव्हती. या टप्प्याला गाडीतला सगळा संसार बाहेर, म्हणजे घराच्या हॉलमध्ये आलेला असतो. दिवाणखान्यात दोन शेगड्यांचा ओटा बघून पाहुणे विचारतात, ‘किचनचं काम काढलंय का?’ त्याला हो म्हणणंच सोयीचं.

मग गळती. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, दोन-दोन समोरासमोर आडवे झोपलेले, थंडावा पाण्याचा. १.९ लिटर, नंतर २.१ लिटर. ताकद ऐंशी ते पंचाण्णव अश्वशक्तीच्या आसपास, आणि गाडी भरल्यावर दोन टनांच्या पुढे, तीही समोरून भिंतीसारखी सपाट. चढावर तिला ट्रक ओव्हरटेक करतात, वर मागे बघून हात हलवतात. हे इंजिन गाडीच्या पार मागे आणि रेडिएटर पार पुढे, त्यामुळे पाण्याचा रस्ता गाडीभर लांब. सोळा-सतरा लिटर कुलंट लागतं. सिलिंडरभोवतीचं पाणी आणि हेड यांच्यामध्ये रबराचं गास्केट असतं आणि हेड ॲल्युमिनियमचं. कुणीतरी कधीतरी चुकीचं, फॉस्फेटवालं कुलंट भरलं की ॲल्युमिनियमला आतून खड्डे पडतात आणि गास्केटला टेकायला जागाच उरत नाही. थेंब गळू लागतो. गास्केट बदललं तरी कुलंट भरणं हा एक वेगळाच कार्यक्रम: गाडीचं नाक वर उचलायचं, पुढची जाळी काढायची, रेडिएटरच्या टोकाचा स्क्रू सैल करायचा, एकाने गाडीत बसून ॲक्सिलरेटर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हवेचे बुडबुडे संपेपर्यंत स्क्रूकडे बघत राहायचं. संसारात एवढा वेळ एकमेकांशी बोलायला मिळत नाही. मात्र त्यातलं बरंचसं बोलणं ‘धर’, ‘सोड’, ‘अगं सोड म्हटलं ना’ असं असतं.

दुसऱ्यांदा थेंब गळला की सुबारूचा विषय निघतो.

सुबारूचं इंजिनही आडवंच, चारच सिलिंडरचं, पाण्याचंच, आणि २.२ लिटरचं जुनं मॉडेलही एकशेतीसच्या आसपास अश्वशक्ती देतं. अपघातात चेपलेल्या एखाद्या सुबारू लेगसीतून ते भंगारवाल्याकडे मिळतं. मधे एक जोडपट्टी घातली की फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला बसतंही. वायरिंगचा गुंता मात्र लेगसीच्या पूर्ण अंगभर पसरलेला असतो; त्यातून इंजिनाला लागणाऱ्या वायरी वेगळ्या काढणं हे काम जेवणाच्या टेबलावर चालतं आणि ते चालू असेपर्यंत घर सोफ्यावर जेवतं. कॅलिफोर्नियात राहत असाल तर आणखी एक गंमत: बदललेलं इंजिन गाडीइतकं किंवा गाडीपेक्षा नवं असावं लागतं, प्रदूषण रोखणारी सगळी उपकरणं जागच्या जागी लागतात, आणि हे सगळं सरकारी तपासनिसाला नेऊन दाखवावं लागतं. तपासनीसही बोनेट शोधत आधी गाडीच्या पुढे जातो, हे मालकाचं तेवढ्यापुरतं समाधान.

इंजिन बसलं. आता त्याचं ऑइलचं तळभांडं मूळ इंजिनपेक्षा खाली लोंबतं. खडकांवरून जाणाऱ्या गाडीत सगळ्यांत नाजूक वस्तू सगळ्यांत खाली, हे कुणालाही पटणार नाही. म्हणून भांडं कापून उथळ करून घ्यायचं. तरी भीती वाटते, म्हणून लांब स्प्रिंगा घालून गाडी उंच करायची. गाडी उंच झाली की चाकांकडे जाणारे दांडे तिरके होतात आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. म्हणून सांधे मजबूत घ्यायचे. उंच गाडीला मूळ चौदा इंची चाकं किरकोळ दिसतात हे खरं, पण कारण ते नाही. खरं कारण ब्रेक. ताकद वाढवली तर थांबायची ताकदही वाढवायला हवी, मोठ्या ब्रेकला मोठी रिम हवी, मोठ्या रिमला मोठा टायर. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, त्यामुळे गिअर जड पडतात आणि चढावर गाडी पुन्हा आधीच्याच चालीने चढू लागते. तेव्हा गिअरबॉक्स उघडून आतले दातेही बदलायचे. शिवाय स्पीडोमीटर आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. या जातीच्या गाडीला वेगमर्यादा मोडल्याची पावती मिळणं हा मात्र इतका दुर्मिळ मान आहे, की मिळाली तर ती फ्रेम करून लावावी.

आणि ज्याच्यासाठी गाडी घेतली ती फोर-व्हील ड्राइव्ह? तिचं मर्म पुढच्या डिफरन्शियलजवळ बसवलेल्या एका सीलबंद डब्यात आहे. डब्यात एकाआड एक चकत्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन तेल. मागची चाकं घसरून जास्त फिरू लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, तेल तापून कडक होतं आणि जोर आपोआप पुढच्या चाकांना मिळतो. ड्रायव्हरने काही करायचं नाही. बटण नाही, दांडा नाही. फार सुंदर कल्पना आहे, आणि तीस-पस्तीस वर्षांनी तिचं व्हायचं तेच होतं: तेल म्हातारं होऊन कायमचं कडक बसतं आणि कोरड्या रस्त्यावरही पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढू लागतात. गिअरबॉक्सला ते सोसत नाही. डबा बिघडलाय का, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या पार्किंगमध्ये जायचं, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि पाय न दाबता गाडी गोल फिरू द्यायची. अडखळली, बंद पडली, तर डबा गेला. रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एक उंच जुनाट बस माणसाच्या चालीने गोल गोल फिरतेय आणि आतला गृहस्थ डोळे मिटून आवाज ऐकतोय, हे दृश्य बघून पहारेकरी काय समजत असेल ते समजो.

त्यावर उपायही निघाला आहे. पुढच्या चाकांचा जोर हवा तेव्हा तोडता येईल असं एक साधन मिळतं. ते बसवलं की गाडी रोजच्या रस्त्यावर फक्त मागच्या चाकांवर चालते आणि डब्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे साध्या व्हॅनागनपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून चार चाकांची घ्यायची आणि मग आणखी पैसे घालून ती दोन चाकांची करायची. मालकाला हे असं सांगितलं तर तो दुखावतो. त्याचं म्हणणं, निवडीचं स्वातंत्र्य.

घरातली म्हणजे गाडीतली सुधारणा त्या मानाने निरुपद्रवी वाटते. जुना फ्रीज जातो, त्या जागी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज येतो. तो उतारावरही चालतो! पण तो वीज खातो, म्हणून लिथियमची बॅटरी. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीसेक किलोची, लिथियमची त्याच्या निम्म्याहूनही हलकी. वजन वाचलं म्हणून दोन घ्यायच्या. लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो, म्हणून मधे करंट आवरणारा चार्जर. ती शून्याखालच्या थंडीत चार्ज केली तर खराब होते, म्हणून तिला गरम ठेवणारी गादी, आणि ती गादी चालते त्याच बॅटरीवर. ही तूट भरून काढायला टपावर सोलर पॅनल. हा टप उचलून वर झोपायची जागा करायची असते. पॅनलचं वजन आल्यावर तो उचलताना पाठीत उसण भरते, म्हणून टपाला वर ढकलणारे गॅसचे दांडे. ते बसवल्यावर टप उघडतो झकास. बंद करायला मात्र दोघं लागतात.

भारतातून आलेल्या आईवडिलांना हे सगळं समजावून सांगणं हा वेगळा अध्याय. पोर्टलंड, सिएटल, बे एरिया इकडच्या मराठी घरांत सहा महिन्यांसाठी येणारे बाबा पहिल्याच सकाळी हातात चहाचा कप घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि एकच प्रश्न विचारतात.

‘ॲव्हरेज काय देते रे?’

लिटरला साडेसहा-सात किलोमीटर. यावर बाबा काही बोलत नाहीत, कप घेऊन आत जातात. आईचं म्हणणं आणखी थेट असतं: ‘घरात चार खोल्या आहेत, तरी ओटा गाडीत कशाला?’ त्यातल्या त्यात बाबांना मॅटाडोर आठवते आणि तिथे मात्र मुलाला एक धागा सापडतो. लग्नाच्या वऱ्हाडापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना वाहून नेणारी ती मॅटाडोर आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. पण हे नाव मूळचं हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याचं, आणि १९४९ सालच्या पहिल्या जर्मन मॅटाडोरमध्ये इंजिन होतं फोक्सवॅगन बीटलचं. ‘म्हणजे बाबा, ही आपल्या मॅटाडोरची लांबची नातेवाईकच.’ बाबा म्हणतात, ‘आमची मॅटाडोर रोज चालायची.’

हाच उद्योग पुण्यात करायचा म्हटलं तर सुबारूच्या आधी आरटीओ आडवं येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचं सांगणं साधारण एकच: कंपनीने जशी बनवली आणि नोंदणीच्या कागदावर जशी लिहिली, तशी गाडी असू द्या. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यात अंगणात ग्राइंडर चालवणाऱ्या हौशी गृहस्थाचा विचार झालेला दिसत नाही. एका अर्थी हा आपल्याकडच्या संसारांवर कायद्याने केलेला उपकार आहे. प्रस्तुत लेखकाच्या ओळखीत असे किमान तीन गृहस्थ आहेत, की ज्यांना केवळ कलम ५२ने थोपवून धरलंय.

एवढं सगळं करून यातल्या काही गाड्या खरंच पूर्ण होतात. पूर्ण झाल्या की त्यांचं काय होतं हे ठरलेलं आहे. मालकाला अचानक करमेनासं होतं. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन तो दिवा लावतो, पाने हुकांवर टांगलेले असतात, गाडी चालू होते, काही गळत नाही. दोन-तीन आठवडे तो हे सहन करतो आणि मग गाडी विकायला काढतो. नीट उभी केलेली सिंक्रो वेस्टफालिया आज एक लाख डॉलरच्या पुढेही विकली जाते, त्यामुळे घरच्यांचा विरोध नसतो. उलट गेल्या कित्येक वर्षांतला हा त्याचा सर्वांत लोकप्रिय निर्णय असतो.

घ्यायला येणारा माणूस तरुण असतो, पैसेवाला असतो आणि अलीकडे बहुतेक वेळा तो ‘ओरिजिनल’च्या शोधात असतो. त्याला कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी. मूळ चौदा इंची चाकं, तपकिरी कापडाच्या सीटा, तोच हातपंपाचा फ्रीज. सुबारूकडे बघून तो हळहळतो. विचारतो, जुनं इंजिन टाकून दिलंत का?

टाकून कोण देतं? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यांमागे असतं. फ्रीजही असतो. चाकंही असतात, पाचवी स्टेपनी धरून. दोघं मिळून इंजिन ढकलत उजेडात आणतात, प्लॅस्टिक सोडतात आणि गुडघ्यांवर बसून खालून निरखतात. किंमत वेगळी ठरते. जुना मालक इंजिनावरची धूळ बाहीने पुसतो आणि नव्या मालकाला म्हणतो, ‘चालू आहे एकदम. बसवताना हेड-गास्केट तेवढी नवी टाका, आणि हेड काढलंच आहे म्हणून...’

नवा मालक खिशातून फोन काढून यादी करू लागलेला असतो.